'गॅस संपला' : मोटारीचे वातानुकूलन आणि एका क्रियापदाचा विचार

जुन्या मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा थंड हवा देईनाशी झाली म्हणजे मालक व कारागीर या दोघांच्याही तोंडी पहिले वाक्य येते ते 'गॅस संपला' हे. या दोन शब्दांच्या वाक्याचा अर्थ तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषेच्या अभ्यासकाला गॅरेजात डोकावण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु येथे दुरुस्तीची दिशाच क्रियापदाने ठरते, आणि ती चुकली तर छत्रपती संभाजीनगरसारख्या, वैशाखात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या शहरात त्याचा भुर्दंड दर उन्हाळ्यास भरावा लागतो.

'संपणे' या क्रियापदात वस्तू वापराने खर्ची पडली हा अर्थ सहसा गृहीत असतो. घरात तेल संपते, पीठ संपते, स्वयंपाकाचा गॅस संपतो. आणि या सर्व ठिकाणी पुन्हा भरणे हाच उपाय असतो. मोटारीतील गॅस मात्र वापराने मुळीच खर्ची पडत नाही. कॉम्प्रेसर त्यास दाबून तप्त करतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. पुढे अरुंद झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो. आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो आतल्या हवेतील उष्णता शोषून पुन्हा वायुरूप होतो. हे चक्र बंदिस्त आहे. तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, की तो कोठून तरी बाहेर गेला.

येथे चाकातील हवेशी तुलना उद्बोधक ठरेल. चाक बसले असता 'हवा संपली' असे मराठी माणूस म्हणत नाही. तो 'हवा गेली' म्हणतो, आणि लागलीच पंक्चर शोधावयास लावतो. दोन्ही प्रसंग भौतिक दृष्ट्या सारखेच. परंतु गॅस हा शब्द स्वयंपाकघरातून आल्यामुळे त्याने आपले क्रियापदही तेथूनच बरोबर आणले असावे. मग गळतीचा शोध राहून जातो, गॅस भरला जातो, आणि पुढील चैत्रात तोच संवाद पुन्हा घडतो.

तथापि कारागिराच्या वाक्यास सर्वस्वी खोटे ठरविणेही न्याय्य होणार नाही. घरगुती फ्रिजमध्ये विजेची मोटर व कॉम्प्रेसर एकाच बंद कवचात असतात. मोटारीचा कॉम्प्रेसर बहुधा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्यामुळे त्याचा दांडा कवचाबाहेर यावा लागतो, आणि त्याभोवतीच्या सीलमधून व रबरी नळ्यांतून थोडा गॅस हळूहळू झिरपतोच. दहा-पंधरा वर्षांत एखाद्या वेळी गॅस भरावा लागणे स्वाभाविक होय. दर वर्षी भरावा लागणे हा बिघाड होय.

गळतीची खूण पुष्कळदा डोळ्यांनाच दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही यंत्रणेत फिरत असल्याने गळत्या सांध्यावर तेलकट, धूळ धरलेला डाग पडतो. तो न दिसल्यास नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांना साबणाचा फेस लावतात, किंवा यंत्रणेत रंगद्रव्य सोडून ते अतिनील प्रकाशात पाहतात. सांधा दुरुस्त झाल्यावर, आणि त्यापूर्वी नव्हे, पंपाने नळ्या निर्वात करावयाच्या. निर्वातात पाणी नेहमीच्या तापमानासही उकळून निघून जाते. ओलावा राहिला तर झडपेपाशी बर्फ धरतो व तेलाशी मिळून धातू गंजतो. म्हणूनच यंत्रणा उघडी राहिली असता ओलावा शोषणारी ड्रायरची बाटलीही बदलावी लागते. गॅस अंदाजाने न भरता वजनाने भरावा. लहान मोटारीस तो सुमारे अर्धा किलोग्रॅम लागतो, आणि नेमका आकडा बहुधा बॉनेटखालील पट्टीवर असतो. अधिक भरल्यास दाब वाढून थंडावा उलट कमी होतो. कमी गॅसवर चालविल्यास तेल परतत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. खर्चाचा खरा डोंगर तेथे आहे.

'गॅस' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न पदार्थ दडले आहेत, ही दुसरी अडचण. १९९० च्या दशकापूर्वीच्या मोटारींत आर-१२ असे. त्यातील क्लोरीन ओझोनच्या थरास मारक ठरल्याने १९८७ च्या माँट्रिअल करारान्वये तो मागे पडला. भारत या करारात १९९२ साली सहभागी झाला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, परंतु उष्णता धरून ठेवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे ते पंधराशे पट आहे. शेंद्रा येथे २००१ पासून जुळविल्या जाऊ लागलेल्या आणि आता जुन्यांत जमा होणाऱ्या मोटारी या दुसऱ्या पिढीतल्या. आर-१२ चे खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. सबब फार जुन्या मोटारीत नुसता नवा गॅस भरून भागत नाही, तेल, ड्रायर व सीलही बदलावी लागतात.

परिभाषेने येथे साहाय्य केले असते काय? मराठी विश्वकोशात 'प्रशीतन' ही स्वतंत्र नोंद आहे. प्रशीतक, संपीडक, संघनक हे शब्द पाठ्यपुस्तकांत रुळले आहेत. गॅरेजात ते पोचले नाहीत, आणि पोचावयास हवेत असा आमचा आग्रहही नाही. 'कूलिंग कॉइल' हे नाव वस्तूचे कार्य पुरेसे सांगते. दोष नामात नसून क्रियापदात आहे. या शहरात एकाच कामावर मराठी, हिंदी व दखनी सहज मिसळतात. मराठीत पुल्लिंगी असलेला गॅस हिंदी वाक्यात शिरताच स्त्रीलिंगी होतो; आणि गंमत अशी, की त्या वाक्यात 'खतम हो गई' याच्या जोडीस 'उड़ गई' हाही प्रयोग चालतो. बाहेर निघून जाण्याचा अर्थ त्यात शाबूत आहे. मराठीत 'गळणे' हे मुख्यतः पाण्याचे व छपराचे क्रियापद असल्याने वायूसाठी ते पटकन ओठांवर येत नाही. 'गॅस गेला' हे मात्र 'हवा गेली' च्या धर्तीवर सहज बोलता येण्याजोगे आहे.