जकात पोहोचली का?

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस, सुरू झाले की घरोघरी जकातीचा हिशेब मांडला जातो. ठरलेल्या मर्यादेइतकी मालमत्ता ज्याच्याकडे वर्षभर राहिली, त्याने तिचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा. लाखाला अडीच हजार. हा उपकार नव्हे, सधनाच्या मालातला तो गरिबाचा हक्क आहे.

पूर्वी ही रक्कम पाकिटातून हाती दिली जायची. आता ती मोबाईलवरून क्षणात जाते. यात चांगली गोष्ट अशी की, देणाऱ्याचा गाजावाजा होत नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्यालाही कळू नये, ही प्रेषितांची शिकवण. रांगेत उभे करून, फोटो काढून दिलेल्या मदतीपेक्षा खात्यात गुपचूप जमा झालेली रक्कम घेणाऱ्याची अब्रू राखते.

पण खाते कोणाचे? 28 ऑगस्ट 2014 रोजी जनधन योजना सुरू झाली आणि कोट्यवधी गरीब बायकांची शून्य शिल्लकेची खाती निघाली. मात्र ग्राहकाने दोन वर्षे व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय होते. कुणाचा मोबाईल नंबर बदललेला असतो, कुणाची केवायसी राहिलेली असते. विडी वळून, भांडी घासून बोटांच्या रेषा इतक्या झिजतात की अंगठ्याचे यंत्र ओळख पटवत नाही. मग ती म्हणते, ‘‘भाच्याच्या नंबरवर टाका.’’

हनफी फिकहमध्ये जकातीसाठी ‘तमलीक’ आवश्यक मानतात. म्हणजे गरजू माणूस त्या रकमेचा मालक झाला पाहिजे. तिने भाच्याला आपल्या वतीने पैसे घ्यायला सांगितले असेल, तर नियमाची अडचण नाही. पण हे खुशीने सांगितले की नाइलाजाने? स्वतःच्याच पैशासाठी तिला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागत असेल, तर जकातीचा हेतू अर्धाच साधला.

उपाय अवघड नाही. निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करायला बँकेने शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. त्यासाठीची केवायसी बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येते. साध्या बटणाच्या फोनवरून यूपीआय वापरण्याची सोय 2022 पासून आहे. गरज आहे ती सोबत जाणाऱ्या माणसाची. जाताना तिला एवढेही सांगावे की, पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि पिन कुणालाही, अगदी आपल्यालाही, सांगायचा नाही.

ही अडचण एका धर्माची नाही. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना दिवाळीचा बोनस कुणाच्या नंबरवर जातो, हे प्रत्येकाने एकदा विचारून पाहावे.

फित्रा ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो आणि ईदला बँक बंद असते. तेव्हा बँकेची ही फेरी याच आठवड्यात व्हावी.