न झाडणारी बंदूक

कार्तिक महिन्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूरला यात्रा भरते. अमरावती जिल्ह्यातले हे गाव म्हणजे रुक्मिणीचे माहेर. यात्रा कौंडण्यपूरची असो की दुसऱ्या कुठल्या गावची, फुगे फोडण्याचे दुकान कुठे ना कुठे दिसायचेच. फळीवर रंगीबेरंगी फुगे लावलेले असतात आणि समोर छऱ्याची बंदूक. तुम्ही नेम धरता, चाप ओढता, छरा सुटतो आणि फुगा फुटतो. यात न समजण्यासारखे काही नाही. बंदुकीतून काहीतरी निघाले व फुग्यापर्यंत पोचले, म्हणून फुगा फुटला.

आता दुसरी एक बंदूक पाहू. १९९० च्या दशकात आपल्याकडे घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम बाजारात आले. त्यांतले बरेचसे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या संचाच्या नकला होत्या. पुष्कळ संचांबरोबर प्लॅस्टिकची एक बंदूकही मिळे. तिच्यावर खेळायचा खेळ म्हणजे ‘डक हंट’. निन्टेंडोने तो १९८४ साली काढला. गवतातून बदके उडत. नेम लागला तर बदक खाली पडे, आणि चुकला तर गवतातून डोके वर काढून एक कुत्रा फिदीफिदी हसे. तुमच्या काकांना किंवा मामांना विचारा, त्या कुत्र्याचा राग अजून गेलेला नसेल!

तर प्रश्न असा, की चाप ओढल्यावर या बंदुकीतून टीव्हीच्या काचेपर्यंत काय जात होते? ‘कसला तरी किरण जात असणार’ असे उत्तर बहुतेकांच्या तोंडी येते. खरे उत्तर आहे : काहीही जात नव्हते!

बंदूक नव्हे, डोळा

त्या बंदुकीच्या नळीत एक भिंग असे. भिंगाच्या मागे प्रकाशसंवेदी डायोड, म्हणजे प्रकाश पडला की विद्युत्प्रवाह सोडणारा एक इवलासा घटक. प्रकाश टीव्हीकडून बंदुकीकडे येई, बंदुकीकडून टीव्हीकडे नव्हे. गोळी मारायचे साधन म्हणून जे आपण हातात धरत होतो, तो खरे तर एक डोळा होता. चाप ओढणे म्हणजे ‘आता बघ’ असे त्या डोळ्याला सांगणे.

ही उलटापालट माणसाला नवी नाही. आपण ‘नजर टाकली’, ‘नजर फेकली’ असे म्हणतो. ‘दृष्टिक्षेप’ या शब्दाचा अर्थच मुळी दृष्टी फेकणे. जणू डोळ्यातून काहीतरी बाहेर जाते आणि वस्तूला जाऊन भिडते. प्राचीन ग्रीसमधील युक्लिडसारखे विद्वान असेच मानत, आणि आपल्याकडील न्यायदर्शनातही डोळ्यातील तेज वस्तूपर्यंत जाते असा विचार होता. अकराव्या शतकात कैरो येथे इब्न अल्-हैथम या शास्त्रज्ञाने प्रकाशावर मोठा ग्रंथ लिहिला व प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे युक्तिवादाने मांडले. सूर्याकडे पाहिले की डोळे दुखतात. बाहेरून डोळ्यात काही येत नसेल तर ते दुखावेत कशाला?

बंदुकीच्या खेळांचा इतिहासही याच वळणाने गेला. १९३६ साली अमेरिकेतील सीबर्ग कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ नावाचा बदके टिपण्याचा खेळ काढला. त्यात बंदुकीतून खरोखरच प्रकाशाचा झोत निघे आणि बदकावर प्रकाशसंवेदी नळी बसवलेली असे. निन्टेंडोने १९७० मध्ये विकलेल्या खेळण्यांतही बंदूक प्रकाश टाकी व लक्ष्यावर सौरघट असे. पण लक्ष्य टीव्हीच्या काचेमागे गेले तेव्हा अडचण आली. पडद्यावरच्या बदकाला सौरघट कसा चिकटवणार? म्हणून डोळा बंदुकीत आला. घरगुती खेळांत हे प्रथम घडले १९७२ साली, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून निघालेल्या ‘ओडिसी’ या संचात.

काळे चित्र, पांढरा चौकोन

ओडिसीच्या बंदुकीत एक खोट होती. ती फक्त ‘उजेड दिसला’ एवढेच ओळखी. त्यामुळे टीव्हीकडे पाठ करून घरातल्या दिव्याकडे बंदूक रोखली तरी नेम लागलाच! डक हंटमध्ये ही लबाडी कशी रोखली ते पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला ५० वेळा चित्र रेखाटले जाई, म्हणजे एका चित्राला एक-पन्नासांश सेकंद. तुम्ही चाप ओढला की पुढचे चित्र पूर्ण काळे येई. त्याच्या पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई, बाकी सारे काळेच. मग खेळ पूर्ववत सुरू. आपल्या डोळ्याला केवळ एक लखकन चमक जाणवे. बंदुकीने मात्र दोन उत्तरे दिलेली असत. पहिल्या चित्राला ‘अंधार’ व दुसऱ्याला ‘उजेड’, तर नेम लागला. दोन्हींना ‘अंधार’, तर चुकला. आणि काळ्या चित्रालाच ‘उजेड’ असे उत्तर आले, तर बंदूक दिव्याकडे रोखली आहे हे उघड झाले.

दोन बदके असली तर? तर एकामागून एक दोन चौकोन दाखवायचे. ‘उजेड’ पहिल्या चौकोनाला मिळाला की दुसऱ्याला, यावरून कोणते बदक पडले ते कळते. इथे नीट लक्ष द्या. बंदुकीला बदक दिसत नाही, त्याची जागाही ठाऊक नाही. तिला फक्त ‘आहे’ व ‘नाही’ हे दोन शब्द येतात. तरीही जागा कळते, कारण कोणत्या क्षणी कोठे उजेड केला होता हे खेळाच्या यंत्राला ठाऊक असते. वेळेवरून जागा काढायची, हे या साऱ्या खेळाचे मर्म आहे.

धावणारा ठिपका

हेच मर्म आणखी बारकाईने वापरता येते. जुन्या डबा टीव्हीच्या चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळे व तेथे ठिपका चमके. हा ठिपका डावीकडून उजवीकडे एक ओळ काढी, मग खालची, मग त्याच्या खालची. खेळाच्या संचातून येणाऱ्या एका चित्रात अशा सुमारे ३१२ ओळी असत. ३१२ गुणिले ५० म्हणजे सेकंदाला १५,६०० ओळी. एका ओळीला वेळ लागे ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या चौसष्ट पट. त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद ठिपका प्रत्यक्ष पडद्यावर असे. पडदा ४० सेंटिमीटर रुंद धरला तर ठिपक्याचा वेग किती होतो? सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर! पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह साधारण याच वेगाने जातो.

ठिपका पुढे गेला की मागचा उजेड झपाट्याने मंदावे. म्हणजे कोणत्याही क्षणी पडद्याचा थोडासाच भाग उजळलेला असे. सबंध चित्र दिसे ते आपल्या डोळ्याच्या दृष्टिसातत्यामुळे. बंदुकीच्या डोळ्याला असे सातत्य नव्हते. तिच्यासमोरून ठिपका गेला की तिला तेवढीच चमक कळे. मग चित्र सुरू झाल्यापासून किती वेळाने चमक आली हे मोजले की झाले. समजा ६,४३२ मायक्रोसेकंदांनी आली. ६४ ने भागा : १००.५. म्हणजे शंभर ओळी पूर्ण होऊन एकशे एकावी ओळ निम्मी झाली होती. जागा सापडली! १९९० च्या दशकातील नॅम्को कंपनीची ‘गनकॉन’ बंदूक याच तत्त्वावर चाले. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत रडारच्या पडद्यावरील विमानाचा ठिपका निवडण्यासाठी अशीच प्रकाश-बंदूक वापरत. हे खेळणे नव्हते.

बंदूक खरेच बिघडली का?

आता हा जुना संच कोणी माळ्यावरून काढतो, नव्या सपाट टीव्हीला जोडतो. चित्र येते, बदके उडतात, पण एकही पडत नाही. कुत्रा हसतच राहतो. ‘बंदूक बिघडली’ असा निकाल लागतो आणि ती भंगारात जाते. हा निकाल बरोबर आहे का?

सपाट टीव्हीत धावणारा ठिपका नाही. पडद्यामागे दिवे असतात आणि प्रत्येक बिंदू पुढचे चित्र येईपर्यंत आपला उजेड धरून ठेवतो. निन्टेंडोच्या बंदुकीतील मंडल तर मुद्दाम असे जुळवलेले होते, की सेकंदाला सुमारे पंधरा हजार वेळा लुकलुकणाऱ्या उजेडालाच तिने दाद द्यावी, म्हणजे घरातले दिवे तिला फसवणार नाहीत. सपाट पडदा तिच्या लेखी साध्या दिव्यासारखाच! शिवाय नवे टीव्ही आलेल्या चित्रावर काही प्रक्रिया करून मग ते दाखवतात. त्यात सेकंदाचे दोन-तीन शतांश गेले, तरी एका चित्राची वेळ टळली. यंत्र उत्तराची वाट पाहते तेव्हा पांढरा चौकोन पडद्यावर उमटलेलाच नसतो.

म्हणजे बंदूक धडधाकट असू शकते. ज्या उजेडासाठी ती घडली तो उजेडच उरला नाही. नव्या खेळांनी वेगळी वाट काढली. २००६ सालच्या निन्टेंडोच्या ‘वी’ संचात टीव्हीजवळ अवरक्त दिवे ठेवतात व हातातल्या साधनातील कॅमेरा त्यांच्याकडे पाहतो. अलीकडच्या काही बंदुकांतला कॅमेरा पडद्याभोवतीची पांढरी चौकट ओळखतो. बंदूक अजूनही झाडत नाही, पाहतेच.

शाळेतल्या प्रयोगशाळेतही एखादे उपकरण चालेनासे झाले की आपण त्यालाच दोष देतो. त्याआधी विचारा : याला काय मिळायला हवे होते, आणि ते मिळते आहे का? मात्र एक सूचना. जुना डबा टीव्ही कधीही उघडू नका. त्याच्या चित्रनलिकेला हजारो व्होल्टचा दाब लागतो व बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. काचेत शिसेही असते, म्हणून असा संच ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा.

करून पाहा

कागदाची ३० सेंटिमीटर लांब व ३ सेंटिमीटर व्यासाची नळी करा. एका डोळ्याने तिच्यातून दोन मीटरवरच्या भिंतीकडे पाहा. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसेल. ही तुमची बंदूक.

तीन मुलांनी एका बाजूने काळे व दुसऱ्या बाजूने पांढरे असे पुठ्ठे घेऊन अर्ध्या अर्ध्या मीटरवर उभे राहावे. त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या. नळीवाल्याने दोन मीटरवरून मनात ठरवलेल्या पुठ्ठ्यावर नेम धरावा. पाचवा गडी म्हणजे यंत्र. त्याने नळीवाल्याकडे पाठ करून बसावे व पुकारावे, ‘सर्व काळे’, मग ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’. ज्याचा पुकारा होईल त्यानेच पांढरी बाजू दाखवावी. नळीवाल्याने प्रत्येक वेळी फक्त ‘उजेड’ किंवा ‘अंधार’ म्हणावे. न पाहता नेम कुठे होता ते यंत्र बिनचूक सांगेल.

आता सात पुठ्ठे घ्या. काळ्यानंतर सात पुकारे लागतील? नाही, तीनच पुरतात! पहिल्या पुकाऱ्याला १, ३, ५, ७ यांनी पांढरे दाखवायचे, दुसऱ्याला २, ३, ६, ७ यांनी व तिसऱ्याला ४, ५, ६, ७ यांनी. ‘उजेड, अंधार, उजेड’ असे उत्तर आले तर नेम पाचव्यावर. तिन्ही वेळा ‘अंधार’ तर नेम चुकला. असे का होते ते शिक्षकांबरोबर बसून शोधा, आणि पंधरा पुठ्ठ्यांना किती पुकारे लागतील तेही काढा.