रुई वेगळी करणारे हात

शकुंतला रेल्वेचे नाव निघाले की मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या पट्ट्यातली माणसे हळवी होतात, आणि त्यात गैर काही नाही. अडीच फुटी रुळांवरून अचलपूर ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी सुमारे १९० किलोमीटर धावणारी ही गाडी गरिबाची गाडी होती. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांत हे मार्ग उभे केले. त्यासाठी १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी या रुळांची मालकी खासगीच राहिली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. वऱ्हाडाच्या औद्योगिक वारशाची चर्चा बहुधा या इंजिनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती तिथे संपू नये, असे माझे म्हणणे आहे. गाडी ही एका मोठ्या उद्योगाची शेपटी होती. तो उद्योग म्हणजे जिनिंग-प्रेसिंग. त्यात राबलेल्या माणसांचे, आणि त्यातही बायांचे काम हाच इथला मुख्य औद्योगिक वारसा आहे. त्याची पद्धतशीर नोंद मात्र व्हायची राहून गेली.

या उद्योगाची मुळे लँकेशायरच्या गरजेत आहेत. निजामाने १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. चारच वर्षांनी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन केली, कारण त्यांच्या चात्या अमेरिकेच्या कापसावर फिरत होत्या आणि एकाच देशावर इतके विसंबणे त्यांना धोक्याचे वाटू लागले होते. भीती खरी ठरली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस अडला, लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडून कामगारांवर उपासमार आली आणि इकडे मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्या काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे काम वऱ्हाडातून पुढे सरकत होते. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी टाकलेल्या छोट्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या गावातल्या कापसासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून त्या कापसाचे मोल कळते. अमरावतीच्या जुन्या उमरावती या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या आखूड धाग्याच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. १८८६ मध्ये कारंजाला देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ तिथपर्यंत जाते.

इथे पहिला आक्षेप येतो. वऱ्हाडाने कच्चा माल पाठवला, उद्योग तर मँचेस्टरात आणि मुंबईत झाला. मग इथला औद्योगिक वारसा कसला? शाळेच्या पुस्तकातली वसाहतवादाची गोष्ट आपल्याला हेच शिकवते, आणि व्यापाराच्या मोठ्या हिशेबात ती खरीही आहे. पण कापूस म्हणून जे बोंडातून वेचले जाते, त्यात रुई वजनाने साधारण एक तृतीयांश असते. बाकीची सरकी. सरकीसकट कापूस बोटीत भरून सातासमुद्रापार नेणे कुणालाच परवडणारे नव्हते. म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणे आणि फुगलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधणे ही दोन कामे शेताच्या जवळच व्हायला हवी होती. घरोघरी रेच्यावर रुई काढणाऱ्या बायांचे काम यंत्राने घेतले ते याच कारणाने. रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनाशेजारी जिन उभे राहिले, मोठ्या बाजाराच्या गावी प्रेस आली. दाबलेली गाठ ३९२ पौंडांची आणि अशा दोन गाठींची ७८४ पौंडांची खंडी, हे माप मुंबईपासून लिव्हरपूलपर्यंत चालत असे. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, कारंजा, अंजनगाव इथे वाफेच्या बॉयलरवर शाफ्ट फिरत होते, भोंगे वाजत होते, पाळ्या लागत होत्या. याला उद्योग म्हणायचे नाही तर मग कशाला म्हणायचे?

यंत्राकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण काम कसले होते ते त्याशिवाय समजत नाही. अमेरिकेत दातेरी चक्रांचे सॉ जिन रुळले. आपल्याकडे मात्र मॅकार्थी पद्धतीचे रोलर जिन टिकले, कारण आखूड धाग्याच्या कापसाला ते कमी इजा करते. लँकेशायरमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने, जो त्या काळी कापड-यंत्रांचा जगातला सर्वांत मोठा कारखाना होता, दोन रोलरांची अशी जिन यंत्रे बनवून हिंदुस्थानात पाठवली. रचना साधी आहे. चामड्याच्या चकत्यांचा रोलर फिरतो, त्याच्या खरखरीत अंगाला रुईचे तंतू चिकटतात आणि त्याला टेकवलेल्या स्थिर पात्याखालून ओढले जातात. सरकी पात्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. खालीवर होणारे दुसरे पाते तिला ठोके देत सोडवते आणि ती जाळीतून खाली पडते. दोन पात्यांमधले अंतर जराही बिघडले तर सरकी फुटते, तिचे तुकडे रुईत जातात आणि गाठीचा भाव पडतो. रोलरचे चामडे झिजते, त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. म्हणून फिटरचा कान आणि हात या कारखान्याचे भांडवल असे. कापसातून एखादा खडा वा लोखंडाचा तुकडा आत गेला की ठिणगी उडायची, आणि सगळीकडे रुई पसरलेल्या त्या शेडमध्ये ठिणगी म्हणजे आग.

या यंत्राच्या तोंडाशी कापूस सोडण्याचे काम बायांचे होते. शेडमध्ये जिनांच्या लांब ओळी, वर फिरणारा शाफ्ट, पट्ट्यांचा आवाज, आणि यंत्रामागे बसून वा उभी राहून हाताने मूठमूठ कापूस सोडणारी बाई. मूठ मोठी झाली तर रोलर तुंबतो, लहान राहिली तर यंत्र रिकामे फिरते. हे प्रमाण कुणी लिहून दिलेले नव्हते, ते हाताला कळायचे. सरकार-दरबारी कागदात ही बाई अकुशल मजूर म्हणून येते. कुशल-अकुशल हा भेद मजुरीच्या हिशेबासाठी केलेला होता, कामाच्या स्वरूपावरून केलेला नव्हता, हे या एका उदाहरणावरून दिसते. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिन सुरू होई, उन्हाळ्याच्या तोंडाला थंडावे. शेतातली वेचणी आणि जिनातली मजुरी हा एकाच घराचा हंगाम असे. ज्या हातांनी कापूस वेचला, त्याच हातांनी त्याची रुई काढली, असेही पुष्कळदा होई.

आणि याच हंगामीपणामुळे ही माणसे कायद्यातून सुटली. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा शंभर वा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनांना ही पळवाट आयतीच मिळाली. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या, तेव्हा पहाटे चार-पाचपासून रात्रीपर्यंत बाया राबतात, हंगामाच्या गर्दीत दिवसरात्र काम चालते, हे उघड झाले. खानदेश आणि वऱ्हाड यांच्यामध्ये राज्यकारभाराची हद्द होती; कापूस, यंत्रे, मालक आणि मजूर यांचे स्वरूप तेच होते. तरीही चार महिन्यांच्या आत चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यायला १९११ उजाडले. तीस वर्षे! ज्यांना कायद्याने कामगार म्हणून मोजलेच नाही, त्यांचे हजेरीपट, अपघाताच्या नोंदी, संघटनेचे कागद कुठून मिळणार? वऱ्हाडाच्या जिनांचा इतिहास पातळ दिसतो, त्याचे कारण काम थोडे होते हे नाही. ते न मोजण्याची व्यवस्था होती.

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला काय झाले ते पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. लँकेशायरच्या गिरण्या मोडीत निघू लागल्या तेव्हा तिथल्या लोकांनी यंत्रांबरोबर आवाजही जपले. १९७० च्या दशकात मँचेस्टर पॉलिटेक्निकच्या अभ्यासकांनी म्हाताऱ्या गिरणी कामगारांना बोलते करून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. १९७९ मध्ये वायव्य इंग्लंडच्या आवाजांचा संग्रह क्लिदरोला उभा राहिला. बर्नलीची १८९४ ची क्वीन स्ट्रीट मिल वाफेवर माग चालवून दाखवणारे संग्रहालय झाली. अशा आठवणींतून आज कळते की मागांच्या गदारोळात विणकर बाया ओठांच्या हालचालींवर एकमेकींशी बोलत, आणि सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी कामगारांची छाती भरून येई. त्या छातीच्या विकाराला, बिसिनोसिसला, तिथे १९४० च्या दशकात भरपाई मिळू लागली. धूळ जिनातही कापसाचीच होती. आपल्याकडच्या बायांच्या छातीचे काय झाले, हा प्रश्न विचारायला लागणारी साक्षच आपण गोळा केलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या व्यवस्थेने वऱ्हाडाची माती मँचेस्टरला वाहिली, तिचे अवशेष जपायचे कशाला? आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोखरलेल्या मुलखात वारशाची भाषा करणे सुखवस्तूपणाचे नाही का? मला हा आक्षेप निम्मा मान्य आहे. केवळ इंजिन पुसून चौथऱ्यावर ठेवायचे असेल, किलिक निक्सनची पाटी चकचकीत करायची असेल, तर तो पैसा वाया गेला म्हणेन. पण श्रमाची नोंद ही साम्राज्याची आरती नसते. ती त्याच्या हिशेबातली राहून गेलेली रक्कम असते. १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले, परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचे काम गेले होते त्या कामगारांना भेटले आणि त्यांनी भारतातल्या त्याहून खोल दारिद्र्याची बाजू त्यांच्यापुढे ठेवली. दोन टोकांची माणसे एकमेकांना दिसू शकतात हे त्या भेटीत सिद्ध झाले. पण त्यासाठी दोन्ही टोकांच्या कहाण्या हाती असाव्या लागतात. राहिला कापूस उत्पादकाच्या आजच्या दैन्याचा प्रश्न. भाव कुठे ठरतो, रुईतला नफा कुणाकडे जातो, सरकीचे काय होते, १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी का आणावी लागली, हे सगळे प्रश्न जिनाच्या आवारातूनच जातात. हा इतिहास शेतकऱ्याच्या प्रश्नाला बाजूला सारत नाही, उलट त्याला मधला गहाळ धागा देतो.

तिसरे म्हणणे असे, की जिन काही मेलेले नाहीत, जिवंत उद्योगाला वारसा कसे म्हणणार? हे खरे आहे आणि आनंदाचेही. डबल रोलर जिन आजही भारतात प्रमुख आहे, आणि जे यंत्र एकेकाळी ओल्डहॅमहून येत असे, ते आता नागपुरात बनून आफ्रिकेच्या कापूस देशांत जाते. पण यंत्राचे तत्त्व टिकले म्हणून त्याभोवतीचे काम टिकले असे होत नाही. २००० साली केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यात जुने जिन बदलून हवेच्या नळ्यांनी कापूस ओढणारी आणि आपोआप भरणारी यंत्रे बसवायला मदत मिळाली. रुई स्वच्छ झाली, धूळ कमी झाली, मूठमूठ सोडण्याचे काम संपत आले. हा बदल हवाच होता. कुणी बाईने पुन्हा त्या धुळीत बसावे अशी इच्छा धरणे क्रूरपणाचे ठरेल. मात्र काम संपले की ते जाणणारी माणसे विखुरतात, आणि गावाच्या मध्यात आलेल्या जुन्या जिनाच्या जागेवर दुकानांचे गाळे वा प्लॉट पडले की विचारायचे कुणाला हेही कळेनासे होते.

शकुंतलेच्या बाबतीतही मी हाच निकष लावीन. हा मार्ग ब्रॉडगेज होणे मूर्तिजापूर-अचलपूर भागातल्या विद्यार्थ्यांना, रुग्णांना, भाजीवाल्यांना हवे आहे. त्यांना खेळण्यातल्या गाडीची गरज नाही. रूळ रुंद व्हावेत. पण ज्या गाडीत पुढे पुढे गार्डच तिकिटे देऊ लागला होता, त्या गाडीवरचे कर्मचारी, गँगमन, मालधक्क्यावर गाठी चढवणारे हमाल यांच्याकडचे ज्ञान रुळांबरोबर उखडून टाकायचे कारण नाही.

सुरुवात अचलपूरपासून करता येईल. तिथे जुन्या विदर्भ मिलचे कामगार आहेत, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या फिनले मिलचे कामगार आहेत, ज्यांची गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, आणि आजूबाजूच्या गावांत जिनात गेलेल्या बाया आहेत. अकोल्याला सावतराम मिलच्या पिढ्या आहेत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे इतिहास आणि मराठीचे विद्यार्थी एका हंगामात गावोगाव जाऊन हे बोलणे टिपू शकतात, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ कापसाच्या वाणांची आणि यंत्रांची बाजू तपासून देऊ शकतात. आठवणी चुकतात, हा आक्षेप खरा धरूनही फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे जुने अहवाल, बाजार समित्यांची दप्तरे आणि मालकांच्या वह्या यांच्याशी त्या ताडून पाहता येतात. प्रश्न साधे असावेत: दिवसाला किती मण कापूस सोडत होतात, हप्ता कधी मिळे, मुकादम कोण नेमी, तान्हे मूल कुठे निजवत होतात, आग लागली तेव्हा कुणीकडून बाहेर पडलात, हंगाम संपल्यावर खोकला किती दिवस राही. ज्या बाईला हे विचारायचे, तिने १९७० च्या सुमारास कामाला सुरुवात केली असेल तर ती आज सत्तरीच्या आसपास आहे.