बांगलादेशाबद्दल आपण जे धरून चालतो

बांगलादेश म्हटलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो गर्दी. त्यापाठोपाठ एक वाक्य येतं: ‘मुस्लिम देश, तिथे लोकसंख्या आवरणार कशी?’ आकडे याच्या अगदी उलट सांगतात. १९७१पूर्वी पूर्व पाकिस्तानची, म्हणजे आजच्या बांगलादेशाची, लोकसंख्या पश्चिम पाकिस्तानपेक्षा जास्त होती. म्हणूनच १९७०च्या निवडणुकीत ३००पैकी १६२ सर्वसाधारण जागा पूर्वेच्या वाट्याला आल्या होत्या. आज पाकिस्तान २४ कोटींच्या वर आहे आणि बांगलादेश १७ कोटींच्या आसपास. धर्म तोच, १९७१पर्यंत देशही एकच. १९७५च्या सुमारास बांगलादेशात एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. २०११पर्यंत हा आकडा २.३वर आला.

हे साधलं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पडदा पाळणाऱ्या घरांतल्या बायका दवाखान्यात येत नाहीत, हे ओळखून सरकारने गावातल्याच शिकलेल्या बायकांना नोकरीवर घेतलं. त्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊन दारोदार जात. पण पदरातली मुलं जगतील याची खात्री नसेल, तर कोणती आई दोनांवर थांबेल? हगवणीने मुलं दगावत होती. १९८०पासून दहा वर्षं ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि त्यांनी आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ नि पाणी यांचं मिश्रण करायला शिकवलं. कार्यकर्तीचा मेहनताना नुसत्या घरांच्या संख्येवर नव्हे, तर शिकवलेलं त्या आयांच्या किती लक्षात राहिलं यावर ठरे. अशा योजनांच्या इतिहासात इतकी शहाणी अट मला क्वचितच दिसली आहे.

म्हणून सगळं आलबेल झालं, असं मात्र नाही. निम्म्याच्या आसपास मुलींची लग्नं आजही अठराच्या आत होतात. २०११नंतरची दहा वर्षं जननदर २.३पाशीच अडकून राहिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

‘हा देश परकीय मदतीवर जगतो’ हा समज पन्नास वर्षं जुना आहे आणि तेव्हा तो खराही होता. आता डॉलर येतात ते मुख्यतः दोन वाटांनी: आखातात आणि इतरत्र राबणारे मजूर घरी पाठवतात तो पैसा आणि तयार कपड्यांची निर्यात. एकूण निर्यातीत कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे. त्याचं श्रेय केवळ स्वस्त मजुरीला देणं अपुरं आहे, कारण मजुरी इतर अनेक देशांतही स्वस्त होती. १९७९मध्ये ‘देश गार्मेंट्स’ने आपली सव्वाशेहून अधिक माणसं कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवली. परतल्यावर त्यांतल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. निर्यातीसाठीचं कापड बिनशुल्क आणण्याची आणि खरेदीदाराच्या पतपत्रावर कच्चा माल उधार घेण्याची सोयही सरकारने दिली. देशात कापूस फारसा पिकत नाही. तो बाहेरून येतो, भारतातूनही.

या कारखान्यांची किंमत कामगारांनी मोजली. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१००हून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरीही कामगारांना आत बोलावलं गेलं. डिसेंबर २०२३पासून किमान पगार महिना १२,५०० टका झाला. कामगार संघटनांची मागणी याच्या जवळपास दुप्पट होती.

आता राज्यकारभार. १९९१पासून २०२४पर्यंत बहुतेक काळ खालिदा झिया किंवा शेख हसीना पंतप्रधान होत्या, त्यामुळे तिथे बायकांच्या हाती सत्ता होती असं वाटतं. २०२४पर्यंतच्या ३५० जागांच्या संसदेत ५० जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या खऱ्या, पण त्या मतदार निवडत नसत. निवडून आलेल्या जागांच्या प्रमाणात त्या पक्षांमध्ये वाटल्या जात. त्यामुळे त्या खासदार बाईला मतदारांपेक्षा पक्षनेत्याचीच मर्जी सांभाळावी लागे.

सरकारची तिजोरीही हलकीच. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत करवसुली सातआठ टक्क्यांच्या घरात, म्हणजे जगातल्या सर्वांत कमी वसुलींपैकी एक. शाळा-दवाखान्यांना पैसा कमी पडतो तो इथे. शिकलेल्यांना पुरेसा रोजगारही खासगी क्षेत्रात मिळेना, म्हणून सरकारी नोकरीसाठी झुंबड उडे. आणि त्या नोकऱ्यांतला ३० टक्के कोटा १९७१च्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी राखीव होता. २०२४मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते या कोट्याविरुद्ध. आंदोलन चिरडताना शेकडो माणसं मारली गेली, आणि ५ ऑगस्टला शेख हसीनांना देश सोडावा लागला.