तळ उठविताना

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर आलेला असेल. ट्रंका, हंडे-कळशा, पाटा-वरवंटा गाडीत चढवायचा आणि शेवटी दाराला कुलूप लावायचे. परंतु ज्या वसाहतीचा सारा संसारच विमानावर उभा आहे ती कशी हलवायची? आज ज्या वसाहतीविषयी सांगावयाचे आहे ती इक्वेडोर देशात, आँडीज पर्वताच्या पूर्वेकडील अरण्यात, लिमोनकोचा नावाच्या तळ्याकाठी होती. ‘कोचा’ म्हणजे तेथल्या किचुआ भाषेत तळेच.

ही वसाहत ‘समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स’ या अमेरिकन संस्थेची. कॅमेरॉन टाउनसेंड हे तिचे संस्थापक. ज्या भाषांना लिपी नाही त्या शिकायच्या, त्यांची व्याकरणे नि बालबोध पुस्तके करायची आणि बायबलाचे भाषांतर करायचे, असा दुहेरी उद्योग. 1953 साली इक्वेडोर सरकारने तिच्याशी करार केला. सरकारला शिक्षक हवे होते, संस्थेला श्रोते हवे होते. व्यवहार दोघांच्याही सोयीचा होता.

विमाने कशाला, असे आपण विचाराल. आपल्याकडे 1813 साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी जहाजाने आले आणि पुढे बैलगाडीने हिंडले. त्या अरण्यात बैलगाडीला वाट नाही. शिवाय 1947 साली मेक्सिकोत टाउनसेंड, त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी यांचे विमान कोसळले, तिघेही वाचले. अरण्यात उडायचे तर त्यासाठीच शिकलेले वैमानिक हवेत, हे त्यांच्या मनाने घेतले आणि 1948 साली संस्थेचे स्वतःचे विमान व रेडिओ खाते उभे राहिले. त्या काळी या खात्याचे आवडते विमान हेलिओ कुरियर होते. पंखांच्या पुढच्या कडेला आपोआप बाहेर येणाऱ्या पट्ट्या असल्यामुळे ते अगदी मंद वेगातही हवेत तरते आणि आखूड धावपट्टीवर उतरते.

अशा तळाचा दिवस रेडिओने उजाडतो. कोणत्या गावी पाऊस आहे, कोठे आजारी माणूस आहे, कोणाला औषध हवे, हे सकाळी ऐकायचे आणि मग उड्डाणे ठरवायची. गावकरी आपापल्या धावपट्टीवरचे गवत कापून ठेवतात. तळावर यंत्रज्ञ इंजिनाचे तास मोजीत असतो. ठराविक तास भरले की ते उघडलेच पाहिजे.

22 मे 1981 रोजी राष्ट्राध्यक्ष हाइमे रोल्दोस यांनी हा करार संपविणारा हुकूम काढला आणि संस्थेला आवरण्यासाठी एक वर्षाची मुदत दिली. दोनच दिवसांनी रोल्दोस स्वतः विमान अपघातात मरण पावले, पण हुकूम राहिला.

आता आवरण्याचे कोडे पाहा. घरे, छापखाना, शाळा यांचे काम हळूहळू कमी करता येते. विमानघर मात्र आधी बंद करता येत नाही, कारण माणसे आणि सामान बाहेर काढायचे ते विमानानेच. म्हणजे जो विभाग सर्वांत खर्चिक तोच सर्वांत शेवटी मिटायचा. पेट्रोल किती मागवायचे? कमी पडले तर लोक अडकतात, उरले तर तेही वाहून न्यावे लागते. सुटे भाग त्यांच्या कागदपत्रांसह बांधायचे, कारण कागद हरवलेला भाग विमानात बसवता येत नाही. रेडिओही तसाच. उड्डाण चालू आहे तोवर कोणीतरी जमिनीवर कान लावून बसलेच पाहिजे. अखेरीस विमानाला स्वतःलाच घेऊन जायचे असते! त्या अवधीत कपाटे रिकामी होतात, पण सकाळी कोणा गावाहून आजाऱ्यासाठी हाक आली तर वैमानिकाला ‘आम्ही आवरतो आहोत’ असे म्हणता येत नाही. बांधाबांध आणि सेवा एकाच हाताने चालते.

हा हुकूम योग्य होता काय? टीकाकारांचा मुख्य आक्षेप वाओरानी लोकांविषयी होता. हे लोक पूर्वी विखुरलेले राहत. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यापैकी अनेकांना एका मर्यादित प्रदेशात आणण्यात आले आणि त्यात विमानांचा मोठा वाटा होता. तेथे दाटीवाटीत 1969 साली पोलिओची साथ आली. रिकाम्या झालेल्या रानात तेल कंपन्यांना वाट मोकळी झाली. 1967 साली लागो आग्रियो येथे तेल लागलेच होते. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. परंतु ज्या आईचे मूल त्याच विमानाने दवाखान्यात पोहोचले तिच्यापुढे हे मांडताना माझी जीभ अडखळेल, हेही कबूल केले पाहिजे. परकी संस्था जावी हे म्हणणे ठीक. पण तिचे सकाळचे रेडिओचे काम कोण करणार, हे हुकूम काढतानाच ठरवायला हवे. गावाची धावपट्टी वापरात नसली की पावसाळी प्रदेशात तिच्यावर रान माजायला फार दिवस लागत नाहीत.

लिमोनकोचाचे तळे अजून आहे. 1985 साली ते व त्याभोवतालचे रान सरकारने राखीव जैविक क्षेत्र म्हणून घोषित केले. तेथल्या मगरीच्या जातीचे केमन पाहायला लोक रात्री होडीतून जातात.