एकच पाणी, तीन वह्या

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात उगम पावणारी माणगंगा आटपाडी, सांगोला असा दुष्काळी मुलूख ओलांडून पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेला मिळते. या नदीकाठच्या एखाद्या गावात पाणी नेमकं किती आहे, असं सरकारदरबारी विचारायला गेलं तर उत्तर एका टेबलावर मिळत नाही. धरण, कालवा आणि उपसा योजनेचं पाणी जलसंपदा विभागाच्या वहीत. नालाबांध आणि पाझर तलाव मृद व जलसंधारण विभागाकडे. विहिरींची पातळी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, आणि ही यंत्रणा पाणीपुरवठा विभागाच्या अखत्यारीत. तिन्ही वह्या आपापल्या जागी नेटक्या असतात, पण त्यांत लिहिलेलं पाणी बऱ्याच अंशी एकच असतं. पाझर तलावात ऑक्टोबरात दिसलेलं पाणी काही आठवड्यांनी खालच्या विहिरींत उतरतं. विहिरींनी उपसलं नाही, तर तेच ओढ्यातून नदीच्या पात्रात येतं आणि बंधाऱ्यात अडतं. तीन ठिकाणी मोजलं म्हणून ते तिप्पट होत नाही. कोरड्या मुलखातल्या पाण्याचा गेल्या पन्नास वर्षांतला अभ्यास पाहताना हीच उणीव मला सगळ्यात मोठी वाटते. पाणी शोधण्यात आपण पुष्कळ पुढे गेलो, पण ते एका हिशेबात मांडायचं राहून गेलं.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या, माण तालुक्यातल्या दहिवडीला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही पडत नाही. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात आणि पलीकडे वारा तेवढा येतो. इथली खरी भिस्त जून-जुलैवर नसते. सप्टेंबरातला आणि परतीचा पाऊस आला तर ज्वारी साधते आणि विहिरींना पाणी येतं. पावसाचे दिवस थोडे, त्यातही एका शिवारात ओढे वाहतात आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. महसूल मंडळात एक पर्जन्यमापक बसवला की आकडा मिळतो, पण त्या मंडळात डझनभर गावं असतात. आमच्याकडे पाऊस झालाच नाही, कागदावर मात्र दिसतो, ही तक्रार दुष्काळ जाहीर होण्याच्या दिवसांत गावोगाव ऐकू येते आणि पुष्कळदा ती खरी असते.

पाऊस कमी, हे निम्मं दुखणं झालं. उरलेलं निम्मं जमिनीखाली आहे. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. विहीर खोदणाऱ्यांना हे थर पुस्तकाशिवाय ठाऊक असतात. वर माती, मग मुरूम, त्याखाली कुदळीला दाद देणारा, पाणी धरणारा मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. पाषाण अखंड असेल तर तो कोरडाच. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला उमाळे फुटतात आणि पन्नास पावलांवरची विहीर पावसाळ्यातही ठणठणीत राहते.

या खडकात मावतं किती, याचा अंदाज फार थोड्यांना असतो. देशभर भूजलाचं मूल्यमापन ज्या पद्धतीने होतं तिच्यात झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टसाठी विशिष्ट देय क्षमता २ टक्के धरतात. खडक पूर्ण भिजला आणि मग त्याचा निचरा झाला, तर शंभर घनमीटर खडकातून दोन घनमीटर पाणी हाती येतं. आता एक चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे अडीचशे एकरांचं शिवार घ्या. चांगल्या पावसाने तिथली पाण्याची पातळी दोन मीटर वर आली. विहिरीत डोकावणाऱ्याला हा मोठा फरक दिसतो. प्रत्यक्षात साठ्यात भर पडली ४०,००० घनमीटरची, म्हणजे सगळ्या शिवारावर उभं केलं तर ४० मिलिमीटर पाण्याची. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी हेक्टरी २०,००० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. अडीचशे एकरांच्या पोटात दोन मीटर चढलेलं पाणी पाच एकर ऊस संपवतो. तापीच्या खोऱ्यातल्या वाळूच्या गाळात पातळी तेवढीच वर आली तर साठा साताठ पटींनी जास्त होतो. म्हणूनच शिरपूरच्या गाळाच्या भागातल्या खोलीकरणाचं यश जसंच्या तसं माणदेशात किंवा मराठवाड्यात उतरवायला निघणं मला चुकीचं वाटतं. नाला कितीही रुंद आणि खोल केला तरी खालच्या पाषाणाची कूस वाढत नाही.

भूजलाचा पद्धतशीर अभ्यास इथे सुरू झाला तो संकटाच्या तोंडावर. भूजल यंत्रणा १९७१ च्या सुमारास उभी राहिली आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळात युनिसेफच्या मदतीने कठीण खडक वेगाने फोडणारी खोदाई यंत्रं आली. बोअर ही गोष्ट खेड्यापाड्यांत पोहोचली ती पिण्याच्या पाण्यासाठी. पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क-दोन हा हातपंप सोलापुरात घडलेल्या पंपाच्या धर्तीवर बनला. डोक्यावरून कोसभर पाणी वाहणाऱ्या बायकांचं ओझं त्या पंपाने उतरवलं, याचं मोल कमी लेखू नये. पण खोदाईचं तेच यंत्र दहा-पंधरा वर्षांत खासगी शेतीत शिरलं आणि मोटेने आपोआप घातलेली मर्यादा संपली. मोट विहिरीच्या तळापर्यंतच जायची. बोअर आधी दोनशे फूट गेलं, मग पाचशे, सातशे. खोल बोअरने आणखी एक नुकसान केलं, ज्याची चर्चा कमी होते. वरचा आणि खालचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडक, वेगळा राखणारे थर त्याने भेदले. केसिंग नीट नसेल तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली निघून जातं आणि आजोबांनी खोदलेली विहीर कायमची आटते.

पाणी शोधण्याची साधनंही वाढली. पाणाड्याच्या तळहातावर उभा राहणारा नारळ अजून चालतोच, पण विद्युत रोधकतेची चाचणीही तालुक्याच्या गावी मिळते. जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोन सळयांत विजेचा दाब मोजायचा आणि अंतर वाढवत खोलीचा अंदाज बांधायचा. ओला खडक वीज सहज वाहू देतो, कोरडा देत नाही. मात्र तांबड्या मातीचा पट्टाही ओल्या खडकासारखाच आकडा दाखवतो. तिथे भूशास्त्रज्ञाने आसपासच्या विहिरी उतरून थर पाहिले नसतील, तर शेतकऱ्याचे लाखभर रुपये मातीत जातात. खडक न वाचता नुसतं यंत्र वाचणारी चाचणी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी.

पाणी मोजण्याचं मुख्य काम आजही साध्या विहिरीवर होतं. राज्यात दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रं आखली आहेत आणि त्यांत हजारो निरीक्षण विहिरी ठरवून दिल्या आहेत. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा पातळी घेतात. कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेवरून टेप सोडायचा. टेपच्या शेवटच्या भागाला खडू चोळलेला असतो. तो जिथपर्यंत भिजला तिथे पाणी. त्याआधी पंप काही तास बंद हवा, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी नोंदली जाते. अडचण इथेच येते. शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. वीज असताना पंप बंद ठेव, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मग मोजणारा पंप बंद होण्याची वाट पाहत बांधावर बसतो किंवा पुढच्या गावाला जातो. जो बसून राहतो त्याच्या आकड्यावर अख्ख्या पाणलोटाचं वर्गीकरण उभं असतं. वर्षाच्या उपलब्ध पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर क्षेत्र सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित.

यातला पुनर्भरणाचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो. कच्चा राहतो तो उपशाचा. विहिरींची संख्या, एका विहिरीचा सरासरी उपसा आणि त्यांचा गुणाकार, एवढ्यावर तो बेततात. नोंद नसलेली बोअर त्यात येत नाहीत. नदीकाठच्या विहिरीने ओढलेलं पाणी भूजल मानायचं की पात्रातलं, हेही संदिग्ध राहतं. वरच्या भागात विहिरी वाढल्या की उन्हाळ्यातला नदीचा प्रवाह आटतो. धरणाच्या वहीत त्याची नोंद ‘येवा कमी’ अशी होते आणि दोष पावसाला लागतो.

माणगंगेच्या वाळूचंही असंच झालं. कोरड्या नदीची वाळू हाच तिचा खरा साठा होता. उन्हाळ्यात पात्र रखरखीत दिसलं तरी हातभर वाळू उपसून झरा काढला की घागर भरायची. दगडी बंधाऱ्यामागचं उघडं पाणी उडून जातं, वाळूखालचं उन्हापासून वाचतं. ट्रक लावून ती वाळू शहरांच्या बांधकामांवर गेली आणि काठच्या विहिरी उघड्या पडल्या. ही झीज कोणत्याच वहीत मांडलेली नाही, कारण वाळू महसूल विभागाची आणि गौण खनिजात मोडणारी.

शेजारच्या येरळेवर मात्र वाळूचा हिशेब लोकांनी स्वतः मांडला. खानापूर भागातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात नदीतल्या थोड्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा करून बळीराजा स्मृती धरण बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळीतले भारत पाटणकर आणि अभियंता के. आर. दाते त्यामागे होते. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क आणि उसाला बंदी, हे बांधकामाआधीच ठरलं होतं. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदरमधल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत माणशी अर्ध्या एकराचं पाणी हे माप धरलं. पाणी जमिनीच्या मालकीवर नाही, घरातल्या माणसांवर. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने शेतीच्या बोअरवर बंदी घातली आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायची पद्धत पाडली. या तिन्ही ठिकाणी लोकांनी आधी पाणी मोजलं आणि मग त्यावर भांडून नियम केला. त्यांच्या कामाला मी समाजसेवेइतकंच जलशास्त्रही मानतो.

जमिनीवरच्या पाण्याचा अभ्यास करताना सगळ्यात दुर्लक्षित आकडा बाष्पीभवनाचा असतो. या पट्ट्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड-दोन मीटर थर उडून जातो, पडणाऱ्या पावसाच्या तिपटीहून अधिक. उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठ्यात आहे. एवढ्या पसरट जलाशयावर ऊन वर्षभर आपला वाटा घेतं. शेततळ्याची कल्पना पावसाचं वाहतं पाणी धरण्यासाठी होती. आता प्लॅस्टिक अंथरलेली कित्येक तळी बोअरच्या पाण्याने भरतात. डाळिंब वाचवायला शेतकरी हे करतो आणि त्याची काळजी मला कळते. पण खडकात सुरक्षित असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं जातं आणि शेजाऱ्याची विहीर त्या वेळी आटत असते.

कायदा आहे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला आडवा येतो. तरी गावात रात्री बोअरची गाडी येते आणि सकाळी निघून जाते. अटल भूजल योजनेत राज्यातले १३ जिल्हे आले, गावांनी पाण्याचं अंदाजपत्रक लिहिलं, काही ठिकाणी गावातली मुलं पातळी मोजायला शिकली. पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था हिमांशु कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली सांगत आली आहे की गावाची हद्द आणि जलधराची हद्द एक नसते. एका जलधरावर तीन गावं बसलेली असतील तर एका गावाचं अंदाजपत्रक अर्धवटच राहणार.

आता माणगंगेच्या खोऱ्यात आणखी एक पाणी आलं आहे. कराडजवळच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, सांगोल्याकडे आणलं जातं, म्हैसाळचं जतकडे जातं. आटपाडीच्या पाणी परिषदांमधून नागनाथअण्णा नायकवडींनी आणि दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं लढून ते मिळवलं. त्या पाण्याने तलाव भरतात, ओढे वाहतात, विहिरी वर येतात. पण त्यामुळे ऑक्टोबरच्या टेपवर भिजलेल्या खडूतून या वर्षी पाऊस किती मुरला हे कळेनासं झालं आहे. पावसाचं पाणी आणि कृष्णेचं पाणी यांच्या क्षारांत, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांत फरक असला तर तो तपासून विहिरीतलं मिश्रण सांगता येतं. हे काम प्रयोगशाळेचं आहे, पण महागडं नाही. टेंभूच्या कालव्यापासून दूर जाणाऱ्या विहिरींची एक ओळ निवडावी. प्रत्येकीचा नमुना कालवा सुटण्याआधी आणि नंतर घ्यावा, शेजारच्या पाझर तलावाचा आणि नदीपात्राचाही त्याच दिवशी घ्यावा आणि तिन्ही विभागांनी तो आकडा एकाच तक्त्यात भरावा. आवर्तनाचं वेळापत्रक जलसंपदाकडे आहे, विहिरींची यादी भूजल यंत्रणेकडे आणि तलावांचे नकाशे जलसंधारण विभागाकडे.