पट्टी आपली नसते तेव्हा...

नगरच्या आमच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणत मी वाढले. लग्न होऊन १९८३ मध्ये मुंबईला, भायखळ्याला आले आणि शेजारच्या बाईंनी मला एका क्वायरमध्ये नेलं. गळा बरा होता, एवढंच भांडवल!

पहिला धक्का पट्टीचा. आपल्याकडे बाई 'काळी चार' म्हणाली, की पेटीवाला निमूट तिथून वाजवतो. इथे पट्टी संगीतकारानेच कागदावर लिहून ठेवलेली. वरचा स्वर लागत नसेल, तर तो तुमचा प्रश्न! त्यात शेजारीण वेगळं गाणार, मागचे पुरुष तिसरंच. आपला सूर सोडायचा नाही, एवढं शिकायलाच दोन महिने गेले.

नाताळसाठी हँडेलचा 'मसाया' बसवायचा होता. १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा झालेली ही रचना. तालीम संध्याकाळी सातला, नेमकी स्वयंपाकाच्या वेळी. नवऱ्याच्या कपाळाला आठ्या! वाट काढली ती सासूबाईंनी. साताऱ्याकडच्या, शिक्षण चौथी. म्हणाल्या, "जा गं तू. भाकऱ्या मी थापते. देवाचंच गातेस ना?"

फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ सालचं. तिथे गायला माईक लागत नाही. आपण थांबलो तरी शेवटचा स्वर वर छताशी क्षणभर रेंगाळतो. मैत्रिणींनो, ते ऐकायला मी फुकटसुद्धा भाकऱ्या थापल्या असत्या! 'हालेलुया'ला श्रोत्यांनी उभं राहायची प्रथा आहे. एका वर्षी सासूबाई आल्या होत्या, त्याही पदर सावरत उठल्या.

ऑपेऱ्याला मात्र 'देवाचं' हे कारण कसं चालणार? ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त बहुतेक संवादही गाऊनच. पण एका मैफलीत आम्हाला वर्दीच्या 'नाबुको'तलं गुलामांचं समूहगीत होतं. बाबेलमध्ये कैद झालेले यहुदी मायदेश आठवतात, तेच जे १३७व्या स्तोत्रात आहे. घरी सांगितलं, "स्तोत्रातलंच आहे." खोटं थोडंच होतं! त्यात बराच वेळ सगळे एकाच सुरात गातात. इतक्या वर्षांनी पुन्हा सगळ्यांबरोबर एकच चाल... नगर आठवून माझा गळा दाटला, आणि दाटल्या गळ्याने गाता येत नाही. कसंबसं निभावलं.

गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडलं. १९११ मध्ये पंचम जॉर्जने उद्घाटन केलेली ती देखणी वास्तू कितीतरी वर्षं मी बसमधून बंदच बघितली. २०१६ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, तेव्हा सोबत न्यायला सासूबाई नव्हत्या.

त्याआधीच, पन्नाशीला, माझे वरचे स्वर गेले होते. संचालकांनी मला सोप्रानोतून उचलून आल्टोत बसवलं. घरी येऊन मी रडले. आल्टोच्या वाट्याला मुख्य चाल बहुधा येतच नाही, मधले स्वर भरायचे. ओट्याशी गुणगुणत होते, तर सासूबाईंनी आतून विचारलं, "हे कुठलं गं नवीन?" 'हालेलुया'च होतं ते.